पाच ग्रॅम इकडे-तिकडे

त्याने दार उघडलं तेव्हा बाहेरचा लाल दिवा लागलेला होता.

हे मी त्याला आजही ऐकवते, आणि तोही दर वेळी तेच उत्तर देतो — "लाल दिवा म्हणजे आत कुणीतरी आहे. आत कुणी नसेल तर दार उघडून करायचं काय?"

आमची कंपनी तराजू बनवते. दुकानात दिसतात तसले नव्हेत. काचेच्या पेटीत बसवलेले, प्रयोगशाळेतले. कागदाचा कपटा ठेवून वजन बघा, मग त्याच कपट्यावर पेन्सिलीने सही करून पुन्हा ठेवा... सहीचं वजन वेगळं दिसतं. असा प्रत्येक तराजू बाहेर पडण्याआधी आमच्या तपासणी खोलीतून जातो. खोलीला दोन दारं. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. खिडकी नाही, पंखा नाही. अत्तर लावून यायचं नाही, ओले केस घेऊन यायचं नाही, वजनांना बोट लावायचं नाही. तराजूसमोर बसलं की श्वाससुद्धा बेताने घ्यायचा, तोही तोंड दुसरीकडे वळवून. सात वर्षं मी हेच करत होते आणि मला ते मनापासून आवडायचं. घरी आई, ताई, टीव्ही आणि शेजारी. शांतता म्हणून मिळायची ती कामावरच.

त्या दिवशी दोन्ही दारं एकदम उघडली. वाऱ्याचा झोत आत आला आणि तराजूवरचे आकडे सैरावैरा पळायला लागले. दारात एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस उभा होता. काखेत गुंडाळी केलेली चटई होती.

"सॉरी हं... इथे यंत्रं पास करून मिळतात ना?"

"चार तास!" मी म्हणाले. "चार तास ही वजनं खोलीच्या तापमानाला आणत ठेवली होती मी."

"मग आता?"

"आता परत चार तास."

मी नोंदवही ओढली. रद्द झालेल्या प्रत्येक वाचनापुढे, म्हणजे तराजूवरच्या नोंदीपुढे, कारण लिहायचं, आणि संध्याकाळी आमचे प्रमुख ते वाचून पुढे 'ग्राह्य' किंवा 'अग्राह्य' लिहून सही करणार, अशी खोलीची जुनी शिस्त. प्रमुखांना सगळी कंपनी 'काका' म्हणते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती त्यांच्या. मी लिहीत असताना हा माणूस माझ्या खांद्यावरून डोकावला.

"'कारण — अनधिकृत व्यक्तीचा प्रवेश,'" त्याने मोठ्याने वाचलं. "माझ्याबद्दल इतकं वाईट आजवर कुणी लिहिलं नव्हतं. तेही इतक्या सुंदर अक्षरात."

मी मान वर केली नाही. पण कान गरम झाले होते, आणि खोलीचं तापमान बिघडू नये म्हणून मी त्याला बाहेर काढलं... असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

त्या काखेतल्या चटईवरून त्याचं नाव पडलं — चटईवाला. कँटीनमागच्या जुन्या पॅकिंगच्या खोलीत त्याची पाच जणांची टोळी बसायची. आमचे बाकीचे तीनशे लोक दर वर्षी तराजूच्या आकड्यात दशांशचिन्हापुढे आणखी एक शून्य जोडायच्या मागे असायचे, कारण मोठमोठ्या प्रयोगशाळा तेच मागायच्या: अजून बारीक, अजून अचूक. हे पाच जण मात्र वजन मोजणारी पातळ चटई करत होते. अंथरायची, तिच्यावर हवं ते ठेवायचं, आकडा मोबाइलवर. आमच्या सगळ्यात स्वस्त तराजूच्या किमतीत अशा साठ चटया आल्या असत्या.

पण कंपनीचा नियम पक्का होता: तपासणी खोलीने पास केल्याशिवाय कशावरही कंपनीचं नाव लागणार नाही. त्यामुळे चटई आली माझ्याकडे. मी तिच्यावर एक किलोचं वजन दहा वेळा ठेवलं आणि दहा वेळा उचललं. आमचा तराजू दहाही वेळा एकच आकडा दाखवतो. चटईने दहा आकडे दाखवले.

"नापास," मी म्हणाले.

"किती फरक पडला?"

"पाच ग्रॅम इकडे-तिकडे."

"पाच ग्रॅम! एवढ्याने काय आभाळ कोसळतं?"

"या खोलीत कोसळतं."

तो हसला. दुसरा कुणी चिडला असता. "बरं. मग आभाळाला टेकू लावून पुढच्या महिन्यात येतो."

पुढच्या महिन्यात आला, नापास झाला. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. मात्र आता तो लाल दिवा विझेपर्यंत थांबायला... छे, एकदाही थांबला नाही. दर वेळी दार ढकलायचा, आणि दर वेळी मी लिहायची, 'कारण — तीच व्यक्ती.' काका मिशीत हसून 'ग्राह्य' लिहायचे.

कँटीनमध्ये तो माझ्याच टेबलाशी यायचा. "बसू का? की श्वास रोखून बसू?" असं विचारायचा आणि खरंच गाल फुगवून, श्वास रोखून समोर बसायचा. मी हसू दाबायची. मग तो चहावर फुंकर घालायचा. मला आठवतं, मी त्या फुंकरीकडे बघत राहिले होते. सात वर्षं माझ्यासमोर कुणी फुंकर घातली नव्हती. मीच घालू देत नव्हते.

"तुमची चटई घेणार कोण?" मी एकदा विचारलं. "विक्री विभागाने आपल्या सव्वीस बड्या ग्राहकांना विचारलं. सव्वीसही म्हणाले, आम्हाला काय करायची?"

"बरोबरच आहे त्यांचं. ज्याच्याकडे सोन्याचा चमचा आहे त्याला विचारायचं, लाकडी चमचा हवा का... तो काय म्हणणार?"

"मग कुणाला विचारायचं?"

"ज्याच्याकडे चमचाच नाही त्याला." त्याने कप खाली ठेवला. "पण तो माणूस आपल्या ग्राहकांच्या यादीत नसतो ना. त्याचा पत्ताच आपल्याकडे नाही."

मला ते पटलं नाही. पण घरी जाताना बसमध्ये तेच डोक्यात घोळत राहिलं, हेही खरं.

त्याचा पत्ता सापडला तो माझ्याच घरात.

ताईला आठव्या महिन्यात मुलगी झाली. पावणेदोन किलोची, मुठीएवढा चेहरा. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं, रोज वजन वाढलं पाहिजे. वीस-पंचवीस ग्रॅम तरी. एक दिवसाआड तिला घेऊन दवाखान्यात जायचं, कपडे काढायचे, थंडगार पत्र्यावर ठेवायचं. पोर किंचाळायची, हातपाय झाडायची, आकडा नाचायचा, आणि नर्स अंदाजाने काहीतरी लिहायची. ताई घरी येऊन रडायची. "वाढलं की नाही तेच कळत नाही गं. तू इतकी वजनं करतेस, तुझ्याकडे काही नाही का?"

माझ्याकडे काय होतं? जगातले उत्तम तराजू होते, आणि त्यांतल्या एकालाही हलणारी गोष्ट मोजता येत नव्हती. त्यांची पहिली अटच ती: हलू नका.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी त्याच्यासमोर जाऊन बसले. पहिल्यांदाच मी गेले होते, त्यामुळे तो गाल फुगवायलाही विसरला.

"तुझी चटई..." मी म्हणाले, आणि जीभ चावली. 'तुमची' म्हणायचं होतं.

तो चमचा कपात बराच वेळ फिरवत राहिला. साखर कधीच विरघळली होती.

"सांग ना," तो म्हणाला. "माझ्या चटईचं काय?"

रविवारी तो घरी आला, काखेत गुंडाळी. दार आईने उघडलं. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत बघून विचारलं, "हाच का गं तो, ज्याला तू सारखी नापास करतेस?"

"हो, मीच तो," त्याने वाकून नमस्कार केला. "तीन वेळा. चौथी महिनाअखेरीला आहे."

बाळाच्या गादीखाली त्याने चटई अंथरली. बाळाला उचलायचं नाही, उठवायचं नाही, कपडे काढायचे नाहीत. ती झोपेल, हलेल, पाय झाडेल. चटई दिवसभर मोजत राहणार आणि सगळ्याचा मिळून एक आकडा देणार. पाच ग्रॅम इकडे-तिकडे. पण वीस ग्रॅम वाढले का, हे त्यातून कळायला अडचण नव्हती. दवाखान्याच्या फेऱ्या तशाच चालू ठेवायच्या, हे त्यानेच ताईकडून दोनदा वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाचं वजन एकदम अडीच किलोने वाढलं. घरात धावपळ! मी त्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "भाऊजींना विचार, गादीवर कोपर टेकून कोण झोपलं होतं?" भाऊजी कोपर चोळत हसायला लागले.

तिसऱ्या दिवशी चटईने बावीस ग्रॅम दाखवले. चौथ्या दिवशी दवाखान्यात पोर कशी कोण जाणे गाढ झोपली होती, आणि तिथल्या काट्यानेही तेच सांगितलं. ताईने मला घट्ट मिठी मारली. माझा खांदा ओला झाला, आणि मला माझ्या अक्षरातले तीन शेरे आठवले. नापास. नापास. नापास. तिन्ही खरे होते. तरीही मला स्वतःची लाज वाटली.

महिनाअखेरीला बैठक होती. चौथ्यांदा नापास झाली तर त्याची टोळी मोडणार आणि पाचही जणांना शून्य वाढवायच्या कामाला लावणार, हे सगळ्यांना माहीत होतं. "मी काही शून्य वाढवत बसणार नाही, दुसरं काम शोधीन," असं तो म्हणाला होता, हसत हसत.

चौथी चाचणी मी एकटीने केली. दहा वेळा ठेवलं, दहा वेळा उचललं. दहा आकडे. मी पेन हातात घेऊन बसून राहिले. एक शब्द लिहायचा होता. लिहिला असता तर कुणाला कळलंही नसतं.

"काय विचार चाललाय?" काका मागे उभे होते.

"काका, ही पास करावीशी वाटते."

"कोणत्या चाचणीत?"

ते स्टूल ओढून बसले आणि चष्मा पुसायला लागले.

"मी नवा होतो तेव्हा आपण पितळी दांडीचे तराजू करायचो. माझ्याएवढा हात कुणाचा बसला नव्हता त्यात. मग पहिला विजेवरचा तराजू आला. अर्धा तास चालला की गरम व्हायचा आणि थापा मारायचा. मी नापास केला. पाच वेळा. खरं तेच लिहिलं मी. तेव्हाच्या मालकांनी काय केलं माहीत आहे? तो तराजू उचलून गावाबाहेरच्या गोदामात नेला. माझ्या नजरेआड. तिथे तो वाढला. सहा वर्षांत पितळेचं खातं बंद झालं."

"तुम्ही कधी गेला होतात तिकडे?"

"तिथे एक मुलगी काम करायची. रोज म्हणायची, एकदा येऊन बघून जा. मी म्हणायचो, आधी पास होऊन ये." चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी ते पुसत राहिले. "तराजू आला पास होऊन. ती नाही आली."

खोलीत शांतता होती. माझी आवडती शांतता. त्या दिवशी ती मला सहन होईना.

"नापास करण्यात चूक नव्हती," काका उठता उठता म्हणाले. "सगळं आपल्याच मापाने मोजायचं, हा हट्ट चुकीचा होता."

मी खरं तेच लिहिलं: नापास. आणि खाली आणखी दोन पानं लिहिली.

बैठकीत कारखान्याचे मोठे साहेब ती पानं वाचताना कपाळाला आठ्या घालून बसले होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तो बसला होता. 'नापास' ऐकून त्याने मान खाली घातली.

"पण पुढे तुम्ही म्हणता, ही चटई आता आमच्या खोलीकडे पाठवूच नका?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. आमची खोली स्थिर वस्तू मोजते. ही चटई हलणाऱ्या माणसांसाठी आहे. आमच्या मापाने ती कायम नापास होणार, आणि आमच्या मापात बसवायला गेलो तर ती आपल्याच तराजूंसारखी होईल. महाग, आणि हलू नका म्हणणारी. तिला वेगळी जागा द्या. वेगळं नाव द्या. पास-नापास तिथले डॉक्टर आणि बाळांच्या आया ठरवू देत. आमचे तराजू आम्ही करत राहूच. ते करायलाही माणसं लागतात."

"म्हणजे तुमच्या खोलीचा अधिकार तुम्ही स्वतःहून सोडताय?"

"हो."

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी फक्त मान हलवली.

ठरलं. बसने दोन तासांवरच्या गावात, मुलांच्या दवाखान्यामागे दोन खोल्या. पाच माणसं. एक वर्ष.

संध्याकाळी तो फाटकापाशी उभा होता, माझ्या अहवालाची प्रत हातात घेऊन. चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्याचा चेहरा हसू नसताना कसा दिसतो हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"कलम चार," त्याने वाचलं. "'मुख्य कारखान्यातील, विशेषतः तपासणी खोलीतील, कोणीही व्यक्ती वर्षभर तिथे जाणार नाही.' हे कुणी लिहिलं?"

"मी."

"विशेषतः?"

"मी आले की मोजायला लागेन. मला दुसरं काही येतच नाही. पहिल्याच दिवशी तुझ्या चटईवर दहा वेळा वजन ठेवीन."

"मला आधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"का म्हणून?"

"कारण... तुला इथल्या कँटीनचा चहा आवडतो."

"भयंकर असतो इथला चहा."

"तेच म्हणतेय मी," मी म्हणाले.

त्याने ती प्रत घडी करून खिशात ठेवली. "चटई वाचवलीस," तो म्हणाला. "मला मात्र विचारलं नाहीस." आणि गेला.

एक शनिवार गेला. दुसरा गेला. तिसराही. ताईकडे त्याचे फोन यायचे, बाळाच्या आकड्यांसाठी. तिकडच्या बातम्याही मला तिच्याकडूनच कळायच्या. पहिल्या आठवड्यात दवाखान्याने चार चटया ठेवून घेतल्या. मग एका मुलीने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी नेली. त्यांना उचलून काट्यावर ठेवणं जमत नव्हतं तिला. आमच्या सव्वीस बड्या ग्राहकांपैकी एकानेही घेतली नव्हती. मला आनंद व्हायचा, आणि त्याच आनंदात काहीतरी टोचायचंही. कँटीनमध्ये मी एकटी चहावर फुंकर घालायची. काका समोर बसून न बघितल्यासारखं करायचे.

चौथ्या शनिवारी मी तराजूसमोर होते. वजनं चार तास ठेवलेली, लाल दिवा लावलेला, चिमट्यात सगळ्यात लहान वजन — नखाच्या कपच्याएवढं. आणि बाहेरच्या दाराच्या काचेत एक उंच सावली दिसली. केस विस्कटलेले.

दार उघडलं नाही.

मी वाट पाहिली. सावलीही तशीच उभी. हा माणूस, ज्याने एकदाही दिवा विझेपर्यंत दम धरला नव्हता, तो आज थांबला होता! वजन चिमट्यातून सुटून ताटलीत कडेला पडलं, आकडे धावायला लागले.

मी उठले. आतलं दार उघडलं, मागे लावलं, मग बाहेरचं उघडलं.

"लाल दिवा लागलाय," तो म्हणाला. काखेत गुंडाळी नव्हती. हात रिकामे होते आणि त्यांचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं.

"माहीत आहे."

"कलम चार मी नीट वाचलं. शंभर वेळा. त्यात लिहिलंय, इथल्या कुणी तिकडे जायचं नाही. तिकडच्याने इथे यायचं नाही असं कुठेच नाही."

"नाहीच आहे," मी म्हणाले. "मुद्दामच नाही लिहिलं."

तो बघतच राहिला. "मुद्दाम?"

"अहवाल मी लिहिते तेव्हा विचार करून लिहिते. तीन आठवडे लागले तुला कळायला. त्यातही नापास."

आता तो हसला — तेच जुनं हसू. "मग दर शनिवारी येऊ? दोन तास बस आहे. कधी अर्धा तास इकडे-तिकडे होईल."

"चालेल," मी म्हणाले. आणि मग, सात वर्षं रोखून धरलेला श्वास सोडावा तसं एकदाच बोलून टाकलं, "मला तू हवा आहेस. चटई नसती तरी हवा होतास. त्या दिवशी हे सांगायला हवं होतं, ते राहून गेलं."

त्याने माझा हात हातात घेतला.

दुपारी मी नोंदवही उघडली. खोटं लिहायची सवय मला नाही. 'वाचन रद्द. कारण — दाराबाहेर कुणीतरी उभे होते.'

संध्याकाळी काकांनी ते वाचलं. पेन हातात धरून ते थोडा वेळ बसले, मग मोठ्या, सावकाश अक्षरात लिहिलं, 'ग्राह्य', आणि नेहमीपेक्षा जरा लांब सही केली.